घर न विसरलेली गाडी

“ये गा इश्वर, जरासा वास घेऊन पाह्य,” असे म्हणून सेवकरामभाऊंनी त्या निळ्या गाडीतली पायाखालची चटई उचलली आणि तिच्यात स्वतःचे नाक खुपसले.

मी वाकलो. ओलसर, शेवाळासारखा दर्प आला.

“वैनगंगेचा गाळ हाय हा,” ते म्हणाले. “पुरात बुडाली होती हे. वरून रंग मारला, पोटात माती तशीच.”

जुन्या गाड्यांच्या त्या बाजाराचा मालक खुर्चीतूनच ओरडला, “काका, गाडी पाहून राहिले का म्हैस?”

“म्हैस असती तं खोटं बोलली नसती,” भाऊ उत्तरले, आणि पुढच्या गाडीकडे वळले.

ती वाळूच्या धंद्यातली निघाली. भाऊंनी तिच्या मागील बाजूवर दोन्ही तळवे टेकवून भार दिला. ती दबली आणि उठली नाही. “हिच्या पाठीवर लय ओझं गेलं,” एवढेच ते बोलले. बैल पारखण्याची हीच त्यांची रीत होती. एकोडी गावचे सेवकरामभाऊ हे आयुष्यभर बैलांचे दलाल. बैलाच्या अंगावरील भोवरा, खुराची फट आणि डोळ्यातील पाणी पाहून ते त्याचा स्वभाव सांगत. ट्रॅक्टरांच्या आगमनाने बैलबाजार ओस पडत गेले, तथापि भाऊंच्या बोटांतील विद्या काही ओसरली नाही. गाडी चालविणे मात्र त्यांना अवगत नव्हते. मी साकोलीस भाड्याच्या गाड्या चालवितो आणि त्यांच्या शेजारी राहतो, म्हणून निवडण्यास व पुढे चालविण्यास त्यांनी मला सोबत घेतले होते.

गाडी हवी होती ती बर्फात जाण्यासाठी. हे वाक्य आमच्या गावात ज्याने ऐकले तो हसला. परंतु त्यात हसण्याजोगे काही नव्हते. भाऊंची एकुलती कन्या दामिनी महाविद्यालयात असता छात्रसेनेतून उत्तराखंडात औलीस गेली आणि पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याची विद्या शिकून आली. आता दर हिवाळ्यात ती तिकडेच नवशिक्यांना शिकविते. पानठेल्यावर कोणी म्हणे, “आमी वावराच्या धुऱ्यावरून घसरतो तं कंबर मोडते, अन् सेवकरामच्या पोरीले घसरायचा पगार!” भाऊ तेही अभिमानाने घरी जाऊन सांगत.

दामिनीची आई कौशल्याबाई यांना काचबिंदू झाला होता. या व्याधीत दृष्टी कडांकडून आत मिटत येते. बाजूचे काही दिसत नाही, मध्यभागी तेवढे नळीतून पाहिल्याप्रमाणे दिसत राहते, आणि एके दिवशी तेही जाते. गेलेले परत येत नाही. डॉक्टरांनी सांगितले होते की, हा हिवाळा तरी प्रकाश राहील. पुढचे सांगवत नाही. त्या दिवशी कौशल्याबाई चुलीपुढे बसून म्हणाल्या, “मले अजून एकच पाहाचं हाय. माही पोरगी बर्फावरून कशी येते, ते पाहाचं हाय.”

त्यांच्या कमरेच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली. रेल्वे बदलणे, घाटातील बसमध्ये चढणे त्यांच्याने होणारे नव्हते. म्हणून स्वतःची गाडी. नवी घेण्याची ऐपत नव्हती. जुनी, परंतु डोंगर चढणारी हवी होती. “डोळे गेले तरी दर साली तिच्यापाशी जाता येईन,” असा भाऊंचा विचार होता.

अशा शोधात आम्हांस मधुकररावांचा पत्ता मिळाला.

मधुकरराव हे भंडाऱ्यातील एका शांत गल्लीत राहणारे निवृत्त कारकून. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली राखाडी रंगाची एक उंच गाडी उभी होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, उष्ण हवेची सोय असलेली, टपावर लांब पट्ट्या बांधण्याचा सांगाडा असलेली. आम्हांला हवी तीच जणू कोणी आधीपासून आणून उभी केली होती.

“आमच्या मनीषची,” मधुकरराव म्हणाले. “नागपूरला नोकरीला होता. दर हिवाळ्यात बर्फावर खेळायला जायचा. मागच्या हिवाळ्यात गाडी खाली उभी करून वर गेला, आणि वरून बर्फाचा कडा सुटला. उन्हाळ्यात बर्फ वितळलं तेव्हा सापडला, तेव्हाच ही गाडी घरी आणली.” बोनेटवर पडलेले कडुनिंबाचे पान त्यांनी उचलून टाकले. “गाडीवर ओरखडासुद्धा नाही. तपासून घ्या.”

त्यांच्या पत्नी रत्नाबाई खिडकीत उभ्या होत्या. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. गाडीकडेही नाही. गाडीच्या मागच्या डाव्या काचेकडे पाहत होत्या.

भाऊंनी गाडीभोवती फेरी मारली, बोनेटवर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. “बंद हाय ना जी गाडी?”

“महिन्यापासून.”

“मंग हे पोटातून घुरघुरून काहून राहिली?”

मी हात ठेवून पाहिला. मला काही जाणवले नाही. निदान तेव्हा मी तसेच म्हणालो.

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल हातावर दुपट्टा टाकतो आणि त्याखाली बोटे धरून सौदा होतो. भाऊंना दुसरी रीत येतच नव्हती. त्यांनी मधुकररावांच्या हातावर आपला दुपट्टा पसरला आणि आत हात घातला. मधुकररावांना त्या खुणा कोठून कळाव्या? त्यांनी भाऊंचा हात नुसता धरून ठेवला. बराच वेळ धरून ठेवला. मग तोंडाने एक आकडा बोलले, तो आमच्या आवाक्याहूनही खाली होता. भाऊंनी हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हाताने चोळत राहिले. कार्तिकातील दुपार होती. अंगातून घाम निघत होता.

“बर्फासारखा हात हाय मास्तरचा,” ते माझ्या कानाशी म्हणाले. कारकून असो वा कोणी, शिकलेला मनुष्य त्यांच्या लेखी मास्तरच.

व्यवहार झाला. मी मागील झाकण उघडले. आत लोखंडी साखळ्यांची दोन जुडगी होती. बर्फात चाके घसरू नयेत म्हणून ती चाकांना बांधतात. भाऊंनी एक जुडगे उचलून मधुकररावांपुढे धरले.

“हे ठेवून घ्या जी.”

“अहो, ह्या गाडीच्याच आहेत. तुम्हालाच लागतील.”

“जनावर विकलं का दावं विकणाऱ्यानं ठेवून घ्याचं असते,” भाऊ समजावू लागले. “नवा धनी आपलं दावं आणते, नाई तं जनावर जुनं घर विसरत नाई. गाडीले दावं नसते, पण बांधाची वस्तू हेच हाय.”

येथे मी बोललो. “भाऊ, साखळ्या नाई तं बर्फात काय नांगर धरून जाता? नव्या घेतो म्हणाल तं इकडे भेटत नाई. गाडी काय बैल हाय का?”

भाऊंनी ते जुडगे हातात तोलून पाहिले. अखेर कौशल्याबाईंच्या डोळ्यांनी त्यांच्या रीतीवर मात केली असावी. त्यांनी साखळ्या परत ठेवल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी दाव्यासकट जनावर घेतले.

परतताना लाखनीच्या अलीकडे मागची डावी काच आतून धुरकटली. बाहेर रखरखीत ऊन होते. भाऊंनी मागे वळून दुपट्ट्याने ती पुसली. ती पुन्हा धुरकटली. बाकीच्या काचा स्वच्छ होत्या. “गाडी महिनाभर बंद होती, दमटपणा असणारच,” मी म्हणालो, आणि माझेच स्पष्टीकरण मला पटावे म्हणून रेडिओ लावला.

पुढल्या आठवड्यात कौशल्याबाईंना डोळे दाखविण्यासाठी भंडाऱ्यास न्यावयाचे होते. त्या मागे उजवीकडे बसल्या. औषधांची पिशवी त्यांनी शेजारी आसनावर ठेवली. वाटेत त्यांनी विचारले, “तिकडची काच खाली हाय का गा इश्वर? गार लागते.”

“नाई काकू, सगळ्या बंद हायेत.”

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “या बाजूले कोण बसला हाय?”

भाऊ पुढे बसले होते. ते वळले नाहीत. “कोणी नाई वो.”

“मले बाजूचं दिसत नाई म्हणून फसवू नका.” त्यांच्या स्वरात भय नव्हते, किंचित रुसवा होता. मी समोरच्या आरशात पाहिले. कौशल्याबाईंनी आसनावरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली होती आणि त्या अंग चोरून दाराकडे सरकल्या होत्या, जसे एस.टी.त आपण कोणाला जागा करून देतो. “बस बापा, नीट बस,” त्या हळूच म्हणाल्या.

मी आरशातून नजर काढली, ती दवाखाना येईपर्यंत परत तिकडे नेली नाही.

परंतु खरी गोष्ट त्यानंतरची. एके सकाळी भाऊ आणि मी टायर बदलण्याकरिता साकोलीस निघालो. साकोली आमच्या गावापासून जवळच. औलीस जाण्याचा दिवस ठरला होता. दामिनीने फोनवर सांगितले होते, “बाबा, आईले जाड मोजे घ्या, अन् तुमी धोतर नका घालू, गोठून जाल!” भाऊ तेच पुनःपुन्हा सांगून हसत होते. साकोलीचा चौक आला. तेथे थांबावयाचे होते. मी थांबलो नाही. का थांबलो नाही, हे मला आजही सांगता येत नाही. भाऊंनीही मला अडविले नाही. मधला महामार्ग, लाखनीची गर्दी, यातील काहीएक मला आठवत नाही. आठवते ते एवढेच की, इंजिन अगदी सुरेल चालत होते आणि मला अतिशय झोप आल्यासारखे, घर जवळ आल्यासारखे वाटत होते.

शुद्धीवर आलो तेव्हा गाडी मधुकररावांच्या फाटकासमोर उभी होती.

रत्नाबाई बाहेर आल्या. त्यांनी फाटकाचे दोन्ही पल्ले उघडले, वाऱ्याने लागू नयेत म्हणून त्यांना विटा लावल्या, आणि आमच्याकडे न पाहता आत वळल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. “हात धुऊन घे, पान वाढते,” असे त्या म्हणत होत्या.

मधुकरराव घाईघाईने आले. त्यांचा चेहरा लाजेने काळवंडला होता. “माफ करा, तिला इंजिनाचा आवाज ओळखू येतो. पण तुम्ही इकडे कसे?”

“टायर बदलाले निघालो होतो जी,” भाऊ म्हणाले. मी गाडी मागे घेतली. फाटक उघडेच राहिले.

परतीला भाऊंनी मला तलावाच्या पाळीवर थांबविले आणि एक हकीकत सांगितली.

“गोसीखुर्दचं धरण भरलं ना, तवाची गोष्ट हाय. एका उठलेल्या गावच्या माणसानं माह्या हातानं बैल विकला. त्याले घर सोडाची घाई, त्यानं दावं तसंच देऊन टाकलं. मी बोललो नाई. आठ दिवसानं नवा धनी बोंबलत आला, बैल पळाला म्हणे. आमी पाह्यला गेलो. धरणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा होता तो. जागचा हाले नाई. समोर नुसतं पाणी, अन् तो एकटक पाहून राहिला. मंग जुन्या धन्याले बलावलं, त्यानं जागा ओळखली. बैल बांधाचा कोठा होता तेथी, पाण्याखाली.” भाऊंनी पाळीवरचा एक खडा उचलला आणि परत तेथेच ठेवला. “आपल्याले पाणी दिसत होतं गा इश्वर. त्याले घर दिसत होतं.”

“निघाला का मग बाहेर?”

“नाई निघाला.”

त्यांनी निर्णय सांगितला. साखळ्या परत करावयाच्या. बर्फात बिनसाखळीने जेवढे जाता येईल तेवढे जाऊ, पुढे दामिनीच खाली येईल. कौशल्याबाईंनी हे ऐकले आणि आपणही येणार असा हट्ट धरला. कारण विचारता म्हणाल्या, “माह्या बाजूले बसते ना तो. मी नाई तं कोण सांगन त्याले?”

तेव्हा आम्ही तिघे गेलो. तिघेच, असे मी लिहितो.

रत्नाबाई फाटक उघडण्यास आल्या तो भाऊ साखळ्या हातात घेऊन खाली उतरले. “माय, हे तुमचं दावं. माही चूक झाली, मी घेऊन गेलतो. आता जनावर मोकळं होईन, आमाले डोंगरात जाऊ देईन.”

रत्नाबाईंनी साखळ्यांस हात लावला नाही. “कोणत्या डोंगरात?”

“बर्फाच्या. आमची पोरगी तिकडं असते. हिचे डोळे जाऊन राहिले, त्याआधी...”

रत्नाबाई गाडीच्या डाव्या बाजूस आल्या. ती काच नेहमीप्रमाणे धुरकटलेली होती. त्यांनी तिच्यावर बाहेरून हात ठेवला. मी शपथेवर सांगतो, त्यांच्या पाच बोटांभोवतीचा धुरकटपणा आतून हळूहळू सरला.

“नका हो नेऊ त्याला तिकडे,” त्या म्हणाल्या. “उन्हाळ्यापर्यंत एकटा पडून होता त्या बर्फात. एवढ्या थंडीतून ह्या गाडीनं घरी आला. आता पुन्हा नका नेऊ.”

मधुकरराव पुढे झाले. “रत्ना, आत चल. अहो, तुम्ही मनावर घेऊ नका, व्यवहार झालेला आहे. तुम्ही बिनधास्त घेऊन जा. मी काही असल्या गोष्टी...” त्यांचे डोळे पत्नीच्या हाताकडे होते.

भाऊ उभे होते. एका बाजूस त्यांची पत्नी, जिच्या डोळ्यांत एवढाच एक हिवाळा शिल्लक होता. आणि दुसऱ्या बाजूस एक परकी आई. दलालाचे आयुष्य दोन पक्षांच्या मध्ये जाते. परंतु इतक्या वर्षांत त्यांनी दुपट्ट्याखाली झालेला एकही सौदा मोडला नव्हता. बाजारात मोडणाऱ्याचे नाव उरत नाही, हे ते मला नेहमी सांगत. ते हातातल्या साखळ्या चाळवीत राहिले.

बोलल्या त्या कौशल्याबाई. “इश्वर, दार उघड गा. मले उतरव.”

“काकू...”

“उतरव म्हणते ना.” मी त्यांना धरून उतरविले. त्या काठी टेकत गाडीला वळसा घालून रत्नाबाईंपर्यंत गेल्या. बाजूचे दिसत नसल्याने त्यांनी मान पूर्ण वळवून, अगदी समोरून त्यांचा चेहरा पाहिला. “नाई नेत बाई. तुमचं पोरगं घरी राहू द्या. माही पोरगी जित्ती हाय, ते आपल्या पायानं येईन.”

भाऊंनी कमरेची दुसरी किल्ली सोडली आणि मधुकररावांच्या हाती दिली. “सौदा मी मोडला म्हणा जी. कोणी इचारलं तं माहंच नाव सांगा.”

गाडी अंगणात नेऊन उभी करण्याचे काम माझे होते. मी केले. इंजिन बंद केल्यानंतरही बसून राहावेसे वाटत होते. उतरताना मी मागे पाहिले नाही, परंतु मागचे दार लागल्याचा आवाज ऐकला. तो आवाज रत्नाबाईंनीही ऐकला, कारण त्या लगबगीने स्वयंपाकघराकडे गेल्या.

मधुकररावांनी परत केलेले पैसे घेऊन आम्ही एस.टी.ने परतलो. कौशल्याबाईंना पायरी चढविताना भाऊंनी मागून आणि मी पुढून आधार दिला. त्या एकदाही कण्हल्या नाहीत.

त्यानंतर दुसरी गाडी पाहण्याचे आम्ही सोडले नाही. परंतु पौषात कौशल्याबाईंच्या डोळ्यांतील दाब एकाएकी वाढला. डॉक्टरांनी प्रवास व डोंगरचढ वर्ज्य केला. दामिनीने फोनवर आपली चित्रफीत पाठविली. कौशल्याबाईंनी तो फोन नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाल्या, “पांढरं दिसते. चांगलं हाय.” माघ सरता सरता तेही दिसेनासे झाले.

फाल्गुनात दामिनी आली. उन्हाने काळवंडलेली, नाकावरची कातडी सोललेली, हसरी पोर. तिने पिशवी सपरीत, म्हणजे ओसरीवर, टाकली आणि आईजवळ बसली. कौशल्याबाईंनी तिचा चेहरा बोटांनी चाचपला.

“कशी घसरते वो तू?” अखेर कौशल्याबाईंनी विचारले.

दामिनी उठून अंगणात उभी राहिली. तिने गुडघे वाकविले, अंग पुढे झुकविले, हात कोपरात दुमडले. मग तिच्या ध्यानात आले की, हे दाखविण्यात अर्थ नाही. ती तशीच वाकलेली राहून म्हणाली, “आई, इकडे ये. माह्या मागं उभी राह्य. कंबर धर माही.”

मी कौशल्याबाईंना तेथवर नेले. त्यांनी मुलीच्या कमरेस दोन्ही हातांनी धरले, मग हात खाली सरकवून तिच्या मांड्यांवर ठेवले. मांड्या ताठ झाल्या होत्या.

“आता?”

“आता सोडलं मी. उतार लागला. डावीकडं वळते,” आणि दामिनीने भार डाव्या पायावर घेतला. कौशल्याबाईही डावीकडे झुकल्या. “आता उजवीकडं.” त्या उजवीकडे झुकल्या. कमरेचे दुखणे त्यांच्या चेहऱ्यावर कोठेही नव्हते. त्यांचे विझलेले डोळे बारीक झाले होते, जसे समोरून जोराचा वारा येत असता होतात. लुगड्याचा पदर मागे उडत होता. अंगणातील भाताच्या तणसाची एक काडीही हलत नव्हती.

“लय मोठा उतार हाय वो माय,” त्या धापा टाकीत म्हणाल्या.

“हो आई.”

“किती राहिला?”

दामिनीचे पाय थरथरू लागले होते. ती सरळ उभी राहिली नाही. “अजून हाय.”

समोर, अंगणाच्या मध्यभागी, भाऊंची बाज पडली होती. भाऊ सपरीतून उतरले, त्यांनी बाज उचलली आणि बाजूला भिंतीस लावून ठेवली.